खाऱ्या पाण्याची बाटली

आमच्या गावच्या तलावात विष टाकणारी बाई म्हणून काही जण मला अजूनही ओळखतात. तोंडावर कोणी म्हणत नाही. पण मी किराणा दुकानात शिरले की बोलणं थांबतं आणि बाहेर पडले की पुन्हा सुरू होतं. या गोष्टीला चार उन्हाळे झाले. राग गेला का, असं आई मधूनमधून विचारते. नाही गेला. तो जावा असं कोणी काही केलेलंही नाही.

गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, चिमूरच्या बाजूचं. मी तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. तेव्हा तासिका तत्त्वावर होते आणि रोज बसने जाऊन-येऊन करायचे. घरात मी आणि आई, दोघीच. आमचं घर बौद्ध मोहल्ल्यात, गावाच्या अगदी कडेला. मागच्या दारातून बाहेर पडलं की समोर तलावाची पार, म्हणजे मातीचा उंच बांध. त्यावरून बैलगाडी जाते आणि मोहाची तीन झाडं आहेत. तलाव जुना आणि मोठा आहे. त्यात मासोळी पाळायचा हक्क गावातल्या मासे धरणाऱ्या ढिवरांच्या संस्थेकडे.

गावात परतण्याआधी मी दोन वर्षं कोकण किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेत होते. मिठागराजवळच्या खाऱ्या पाण्यातून काढलेलं एक शेवाळ वाढवायचं आणि ते उजेडात कसं वागतं ते टिपून ठेवायचं, एवढंच माझं काम. शेवाळ म्हटलं की दगडावरचा बुळबुळीत थर आठवतो. हे तसं नव्हे. याचा एकेक जीव सुटा असतो, केसाच्या जाडीच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याएवढा, आणि तो पोहतो. तोंडाकडे त्याला चाबकासारखे दोन बारीक केस असतात. माणूस पाण्यात दोन्ही हात पुढे घालून मागे ओढतो, तसे तो ते ओढतो. ओढता ओढता स्वतःभोवती गिरक्या घेतो. अंगावर एका बाजूला नारिंगी ठिपका. त्याला डोळा म्हणायची पद्धत आहे, पण तो बघत नाही. फक्त एका बाजूने येणारा उजेड अडवतो. गिरकी घेताना त्या ठिपक्यामागच्या जागेवर उजेड-सावली, उजेड-सावली अशी उघडझाप होते. ती जाणवली की दोन केसांपैकी एक जरा जोरात चालतो आणि जीव वळतो. तोंड नीट उजेडाकडे झालं की उघडझाप थांबते, मग तो सरळ जातो. मेंदू नाही, नसा नाहीत, सगळा एका पेशीचा कारभार. पहिल्यांदा हे बघितलं त्या दिवशी मी जेवायला जायचं विसरले होते.

तिथलं काम संपलं तेव्हा मी त्या शेवाळाच्या तीन बाटल्या मागून घेतल्या आणि मांडीवर सांभाळत गावी आणल्या. आईने बाटली उजेडात धरून बघितली.

"समुद्राचं पाणी काऊन आणलं वो? इथलं मीठ सरलं का?"

कॉलेजातल्या विभागप्रमुखांनी तर बाटलीकडे बघितलंही नाही. "समुद्र कुठे आहे इथे?" एवढंच म्हणाले आणि हजेरीपट काढून बसले. त्यामुळे बाटल्या घरीच राहिल्या, मागच्या खोलीच्या खिडकीत. खारं पाणी मी स्वतः तयार करायचे. आठवड्यातून एकदा एक बाटली पिशवीत घालून कॉलेजात न्यायची आणि मुलांना एक गंमत दाखवायची. बाटलीभोवती काळा कागद गुंडाळायचा, त्याला एका बाजूला चण्याएवढं भोक पाडायचं आणि भोक उजेडाकडे करून ठेवायचं. अर्ध्या तासाने कागद काढला की काचेवर, भोक होतं बरोबर तिथे, हिरवा ठिपका जमलेला असायचा. मुलं म्हणायची, म्याडम, अजून एकदा. हिवाळाभर ते चाललं.

चैत्र लागला आणि शेवाळ बिघडलं. म्हणजे मला तसं वाटलं. खिडकीत सकाळपासून ऊन यायला लागलं होतं, आणि बाटलीतलं हिरवं खिडकीकडे यायच्या ऐवजी मागच्या काचेला चिकटून बसायला लागलं. खोलीच्या अंधाराकडे. मी मिठाचं माप तपासलं, पाणी दोनदा बदललं, बाटल्या उकळून घेतल्या. तेच. दोन वर्षं ज्यांच्या मागे घालवली ते जीव मला पाठ दाखवत होते. माझी चिडचिड व्हायला लागली. शेवटी तीनपैकी दोन बाटल्या टाकून द्यायच्या असं मी ठरवलं.

नळाला तीन दिवस पाणी नव्हतं. म्हणून मी बाटल्या घेऊन तलावावर गेले, पारेच्या खाली पाण्यात पाय ठेवून त्या ओतल्या आणि विसळल्या. तेव्हा पारेवर मोहाच्या सावलीत ढिवर मोहल्ल्यातली एक म्हातारी जाळं सांधत बसली होती. ही बाई नवरा गेल्यापासून स्वतः मासोळी विकायची, आणि संस्थेत तिचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. पुरुषसुद्धा तिला बिचकत.

"का धुऊन राह्यली वो?" तिने वरून विचारलं.

"बाटल्या."

"हिरवं का होय थे?"

"शेवाळ."

"शेवाळ त इथीच ढीगभर हाय. अजून काऊन टाकून राह्यली?"

मी उत्तर दिलं नाही. माझं डोकं आधीच तापलेलं होतं, आणि तिच्या आवाजात तलावाची मालकी होती, ती मला सहन झाली नाही. मी बाटल्या पिशवीत टाकल्या आणि वर न बघता निघून आले. तिथं दोन मिनिटं थांबून नीट सांगितलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी पुष्कळदा केला आहे. काही वेगळं झालं नसतं, असंच दर वेळी वाटतं.

नंतर दोन दिवस आभाळ भरून होतं. पाऊस आला नाही, नुसती कोंदट सावली. तिसऱ्या दिवशी सकाळी आई मागच्या दारातून आत आली ती तोंडावर पदर धरून. तलावात मासोळी मेली होती. मी पारेवर जाऊन बघितलं. रोहू, कतला, मृगळ, सगळे पोट वर करून काठाला लागले होते. जी जिवंत होती ती पाण्यावर तोंड काढून वासत होती. पाणी मेंदी कालवल्यासारखं हिरवं झालं होतं. ढिवर मोहल्ल्यातली माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून टोपलीने मेलेली मासोळी काढत होती. म्हातारीने मान वर केली आणि मला बघितलं. तिची नजर हलेना, तेव्हा मी घराकडे वळले.

मी घरी पोचते न पोचते तोच चाळीसेक माणसं अंगणात आली. पुढे संस्थेचा अध्यक्ष. पन्नाशीचा, अंगाने दणकट, गालात तंबाखूचा खर्रा. त्याच्या मागे म्हातारी, टोपली घेऊन. तिने टोपलीतला एक मोठा कतला उचलला आणि आमच्या उंबऱ्यावर ठेवला. आपटला नाही, टाकला नाही. ठेवला. त्याचा डोळा पांढरा झाला होता.

"काय टाकलं तलावात, म्याडम?" अध्यक्षाने विचारलं.

"काही नाही. बाटल्या धुतल्या."

"हिरवं होतं बाटलीत," म्हातारी म्हणाली. "मी आपल्या डोयानं पाह्यलं. अन् आता सारा तलाव हिरवा झाला. आंधयाले बी समजते."

"ते समुद्रातलं शेवाळ आहे, बाई. ते इथं जगतच नाही."

"समुद्रातलं!" कोणीतरी मागून ओरडलं. "बाहेरचं आणून टाकलं, आयका!"

मी समजावत होते आणि माझं मलाच ऐकू येत होतं की माझा आवाज वर्गातला होतो आहे. तेवढ्यात एक जण आईला बाजूला सारून आत घुसला. मागच्या खोलीत काच फुटल्याचा आवाज आला. रिकाम्या धुतलेल्या दोन्ही बाटल्या त्याने भिंतीवर आपटल्या होत्या. तिसरी वाचली, ती आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात फडताळाच्या मागे नेऊन ठेवली होती म्हणून.

मग अध्यक्ष ते वाक्य बोलला. हळू, जवळजवळ समजुतीच्या सुरात बोलला. "तुमच्या लोकायचं तलावाशी कामच का होतं, म्याडम?"

त्या वाक्यात काय होतं ते आमच्या मोहल्ल्यातल्या लहान लेकरालाही कळलं असतं. माझ्या आजोबांच्या तरुणपणी त्या पाण्याला हात लावायची आम्हाला सोय नव्हती. त्यानंतर दोन पिढ्या गेल्या, मी पाण्यावर दोन वर्षं संशोधन करून आले, आणि या माणसाच्या तोंडून ते वाक्य खर्रा थुंकावा इतक्या सहज निघालं. मी काही बोलणार, तोच आई पुढे झाली. चार फूट दहा इंचाची बाई. तिने उंबऱ्यावरचा मासा शेपटीला धरून उचलला आणि परत टोपलीत घातला.

"त्या पारीची माती डोक्यावर कोणं वाह्यली, थे आपल्या बुढ्याले इचारजो," ती अध्यक्षाला म्हणाली. "काम का होतं म्हणते. चाल, नीघ आंगणातून."

भांडण मारामारीवर जाणार असं दिसलं तेव्हा गावचे पोलीस पाटील आले. त्यांनी दोन्हीकडच्यांना गप्प केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पारेवर बैठक ठेवली. "म्याडमनं आपलं म्हणणं तिथी सांगावं," म्हणाले. जाताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "चूक झाली असल त माफी मागून टाका. इषय मिटते."

मी माफी मागणार नव्हते. मला त्या दिवशी न्यायबिय काही नको होता. त्या माणसाला सगळ्यांसमोर खोटं पाडायचं होतं.

माझ्याकडे स्वतःचा एक जुना सूक्ष्मदर्शक होता, आरशाने उजेड घेणारा. मी तलावाचं पाणी आणून त्याखाली बघितलं. ते माझं शेवाळ नव्हतंच. दुसराच जीव होता, लांबोडा, पुढे एकच केस, अंगावर लाल ठिपका. गोड्या पाण्यातला. एका थेंबात ते इतके होते की एकमेकांना ढकलत पोहत होते. हा जीव मी पुस्तकातून ओळखत होते, आणि तो कुठे माजतो हेही ठाऊक होतं: जिथे पाण्यात शेण-खत फार पडतं तिथे. मी चपला घातल्या आणि तलावाला वळसा घालत पलीकडच्या टोकाला गेले, जिकडे गावातलं कोणी सहसा जात नाही. काठावर रिकामी पोती पडली होती. पोत्यांना आणि चिखलाला कोंबड्यांची पिसं चिकटलेली. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या थेट पाण्यापर्यंत गेल्या होत्या. मासोळी लवकर वाढावी म्हणून कुक्कुटपालनाच्या शेडमधलं खत तलावात ओतलं होतं, थोडंथोडकं नव्हे. खत सडलं, हिरवं माजलं. दिवसा ते पाण्यात प्राणवायू सोडतं खरं, पण आभाळ भरलेलं असताना तेही होईना. सडणारं खत आणि ते हिरवं, दोन्ही मिळून पाण्यातला श्वास खात राहिले. पहाटेपर्यंत मासोळीला काही उरलं नाही. मी एक पोतं गुंडाळून घेतलं. घरी येताना मी चक्क गुणगुणत होते.

सकाळी पारेवर अर्धं गाव जमलं होतं. मी सूक्ष्मदर्शक एका स्टुलावर ठेवला, फडताळामागची तिसरी बाटली काढली, आणि तिच्यातला थेंब काचेवर घेतला. पोलीस पाटलांना आधी दाखवला. पोहत होते सगळे. मग त्यावर तलावाचं पाणी सोडलं. समुद्रातल्या त्या जीवाच्या अंगाला कवच नसतं. गोडं पाणी लागलं की तो फुगतो, केस थांबतात आणि तो फुटतो.

"या तलावात तो मिनिटभरही राहत नाही," मी म्हणाले. "हे बघा, मेले."

सात-आठ जणांनी डोळा लावला. एक म्हणाला, "मले त कायच दिसत नाई." दुसरा म्हणाला, "फुटून राह्यले, खरं हाय."

अध्यक्षाने डोळा लावलाच नाही. "मेले ना?" त्याने सगळ्यांकडे वळून विचारलं. "मंग मेलेलं सडलं, अन् मासोया मेल्या. म्याडमनं आपल्याच तोंडानं सांगतलं."

माणसं हसली. मी एवढा विचार करून मांडलेला पुरावा त्याने एका वाक्यात उलटा केला होता.

"दोन बाटल्या, भाऊ. एवढ्या मोठ्या तलावात!"

"जहराले घागरभर थोडीच लागते?"

तेव्हा म्हातारी उठली. मी तिलाही स्टुलाकडे बोलावलं. तिने हात झटकला. "मले नाई पाहाचं त्या नळीत. मी साठ वर्सं हेच पाणी पाहून राह्यली." मग अध्यक्षाकडे बघत म्हणाली, "हे हिरवं आजचं नाई. माह्या बापाच्या वेळेस बी होतं. सकायी पाण्यावर साय धरते. ऊन तापलं का खाली जाते, मंग दुपारी जाळं टाका, पाणी साफ. आभाळ असलं त दिवसभर वरच राह्यते. त्याले कोवळं ऊन पायजे, कडक नाई पायजे. पण औंदा साय नाई, औंदा पेंड हाय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. बैठक, अध्यक्ष, पोतं, सगळं क्षणभर बाजूला पडलं. मला माझी खिडकी दिसली. चैत्राचं ऊन, आणि मागच्या काचेला चिकटलेलं हिरवं. ते बिघडलेलं नव्हतं. ते उन्हापासून पळत होतं. उजेड प्रमाणात असला तर हे जीव त्याच्याकडे जातात, फार झाला तर तेच जीव उलटे फिरतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण प्रयोगशाळेत आमचा दिवा ठरलेला, त्याचं अंतर ठरलेलं. माझ्या हातातल्या शेवाळाला सूर्य कधी भेटलाच नव्हता. म्हणून तो भेटला तेव्हा मी मिठाला दोष दिला. आणि हे मला कळलं ते माझ्या उंबऱ्यावर मेलेला मासा ठेवणाऱ्या बाईकडून. मला आनंद झाला नाही. मला तिचा अजून राग आला.

मी गुंडाळलेलं पोतं उलगडून सगळ्यांपुढे टाकलं. पिसं उडाली.

"पेंड का आहे ते यांना विचारा," मी म्हणाले. "पलीकडच्या काठाला कोंबडीचं खत कोणी ओतलं?"

अध्यक्षाचा जबडा थांबला. "खत टाकल्याबिगर मासोळी वाढते का? सारेच टाकतेत."

"किती टाकलं?"

त्याने खर्रा थुंकला. त्याच्या मागच्या माणसांनी माना खाली घातल्या. ज्यांनी पोती वाहिली होती ती त्यांच्यातच होती.

"सात ट्राल्या," म्हातारी म्हणाली. "मी मोजल्या. दोन टाक म्हणलं होतं याले. आयकलं नाई." मला वाटलं, आता ती माझ्या बाजूने बोलते आहे. ती माझ्याकडे वळली. "अन् तुवा बी टाकलं. इचारलं त थोबाड फिरवून गेली. तुले बी सोडत नाई मी."

पुढे तासभर नुसता आरडाओरडा झाला. शेवटी पोलीस पाटलांनी निकाल दिला. कोणाचीच चूक नाही, हवामानामुळे झालं. मेलेली मासोळी दूर खड्डा करून पुरायची. आणि यापुढे बाहेरच्या माणसाने तलावात काही धुवायचं नाही, पाण्याला हात लावायचा नाही.

"बाहेरचं म्हणजे कोण?" मी विचारलं.

ते घुटमळले. "म्हंजे... संस्थेच्या बाहेरचं."

आईने स्टूल उचललं. "चाल," म्हणाली. आम्ही दोघी पारेवरून चालत आलो. मला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

सुट्ट्या लागल्यावर मी वाचलेल्या एका बाटलीपासून पुन्हा शेवाळ वाढवलं. आईचं एक जुनं पांढरं लुगडं खिडकीला बांधलं, आधी एक पदर, मग दोन, मग तीन. एका पदरातून येणाऱ्या उन्हाला ते अजून पाठ दाखवत होते. दोन पदरांना गोंधळल्यासारखे बाटलीभर पसरले. तीन पदर केले तेव्हा पुढच्या काचेवर आले, एकत्र, दाट, हिवाळ्यात यायचे तसे. मी वहीत सगळं लिहून काढलं. ते लिहिताना वरच्या ओळीत मी कोणाचं नाव लिहायला हवं होतं ते मला कळत होतं. मी लिहिलं नाही. तेवढा मोठेपणा माझ्यात नव्हता आणि म्हातारीने तो मागितलाही नव्हता.

मी चंद्रपूरला मत्स्य विभागाकडे लेखी तक्रार दिली. ती गावाच्या भल्यासाठी दिली असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे मला अध्यक्षाला खाली खेचायचं होतं. साहेब आले, पाणी तपासलं, खत फार झालं असं माझ्यासारखंच बोलले, अध्यक्षाच्या घरी चहा प्याले आणि गेले. अध्यक्ष अजून अध्यक्षच आहे. खताच्या ट्राल्या मात्र बंद झाल्या. का बंद झाल्या ते कोणी कधी बोललं नाही, आणि माझ्या घरात येऊन बाटल्या फोडणारा माणूस मला बस स्टॉपवर आजही 'जय भीम, म्याडम' म्हणतो, जणू काही घडलंच नाही. मी उत्तर देत नाही.

पावसाळ्यानंतर मी वर्गातली पंचवीस मुलं घेऊन त्याच तलावावर प्रात्यक्षिकाला गेले. पारेवर संस्थेची चार माणसं आडवी उभी राहिली.

"पाण्याले हात नाई लावाचा. बैठकीत ठरलं हाय."

"लिहून द्या," मी म्हणाले. "कोणाला लावता येतो आणि कोणाला नाही, तेवढं कागदावर लिहून खाली सही करा. मी लगेच परत जाते."

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. मी त्यांच्यामधून खाली उतरले आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. मुलं मागोमाग आली. ती माणसं आमचं काम संपेपर्यंत तिथेच उभी राहिली. आता दर वर्षी मी जाते आणि दर वर्षी ती उभी राहतात. सकाळी लवकर गेलं तर पाण्यावरची साय मिळते, दहानंतर ती खाली बसते, म्हणून मी मुलांना पहिल्या बसने बोलावते. ती माणसं ताटकळतात याचा मला आनंद होतो. हे शिक्षिकेला शोभत नाही हे मला माहीत आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका दुपारी अंगणाच्या बाहेरून हाक आली. "आहे का वो मास्तरीन?" बाहेर जाऊन बघते तर रस्त्यावर म्हातारी उभी. पाठ आता पार वाकलेली. हातात फडक्याने झाकलेला लोटा. ती अंगणात आली नाही. मी ये म्हटलं नाही.

"पोरीच्या गावची बोडी हाय," ती म्हणाली. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. "सकायी हिरवी राह्यते, दुपारी लाल होते. रक्तावानी. लोक म्हनतेत करणी केली. पोरीवर नाव घेऊन राह्यले."

मी लोटा घेतला. पाणी विटकरी झालं होतं. आत जाऊन आरसा उजेडाकडे वळवला, थेंब बघितला, आणि पंधरा मिनिटांनी लोटा घेऊन बाहेर आले. ती तिथेच उन्हात उभी होती.

"तलावातल्यासारखाच जीव आहे, त्याच कुळातला," मी सांगितलं. "कडक ऊन लागलं की हा अंगातला लाल रंग वर पसरवतो, छत्री धरल्यासारखा. ऊन उतरलं की तो रंग आत ओढतो आणि हिरवा दिसतो. करणी नाही. शेणाचं पाणी बोडीत जात असेल, ते वळवायला सांगा. आणि हे पाणी ढोरांना पाजू नका."

"माह्या पोरीनं काई टाकलं नाई ना त्याच्यात?"

"नाही."

तिने माझं तोंड निरखलं. "खोटं त नाई ना सांगून राह्यली?"

"खोटं कशाला सांगू?" मी म्हणाले. "तुमच्यासाठी तर मुळीच नाही सांगणार."

तिने मान हलवली, जणू हे उत्तर तिला पटलं. "कागदावर लिहून दे. थ्या गावात दाखवाले लागते."

मी कॉलेजच्या वहीचं पान फाडून लिहिलं, खाली सही केली. तिने ते घडी करून कमरेला खोचलं. लोट्यातलं लाल पाणी आमच्या अंगणापासून दूर, रस्त्यापलीकडच्या नालीत ओतलं, लोटा उपडा करून झटकला, आणि बस स्टॉपच्या दिशेने चालायला लागली.